कॉइल एका पानावर, कॉन्टॅक्ट दुसऱ्या पानावर

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा विषय दहावीपर्यंत होता, पण निबंध म्हटला की 'माझा आवडता ऋतू' याच्या पुढे माझी गाडी कधी गेली नाही. त्यामुळे मराठी विभागाच्या मॅडमनी "तांत्रिक विषयावर काहीतरी लिही, पण मराठीतच" असं सांगितलं तेव्हा मेसमध्ये सगळ्यांनी माझी भरपूर थट्टा केली. शुद्धलेखनाच्या चुका मॅडमनी दुरुस्त केल्या आहेत. तांत्रिक चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या.

विषय साधा आहे. इलेक्ट्रिकल ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रिले आणि कॉन्टॅक्टरच्या कॉन्टॅक्टचं चिन्ह, म्हणजे सिम्बॉल, नीट कसं बसवायचं. आपल्याकडे बरेच जण हे काम 'कॉपी-पेस्ट' करून उरकतात. मीही तेच करायची. ते का करू नये हे मला पुस्तकाने नाही, एका राइस मिलने शिकवलं. म्हणून आधी ती गोष्ट सांगते.

१. मिलमध्ये काय झालं

आपला भंडारा जिल्हा धानाचा. दिवाळी झाली की रस्त्यावर धानाच्या ट्रॉल्या दिसायला लागतात आणि राइस मिल रात्रंदिवस चालतात. माझ्या रूममेटच्या मामांची अशीच एक मिल आहे. तिथल्या मोठ्या मोटरचा जुना स्टार-डेल्टा स्टार्टर बदलायचा होता. जुन्या पॅनलचं ड्रॉइंग कुणाकडेच नव्हतं. मामा म्हणाले, "तुम्ही इंजिनिअरिंगच्या पोरी, नवीन पॅनलचं ड्रॉइंग तुम्हीच काढून द्या ना." आम्हाला काय, आनंदच झाला. मिनी प्रोजेक्टचं काम आयतंच मिळालं.

मी दोन रात्रींत ड्रॉइंग काढलं. दिसायला फार सुंदर होतं. पॉवर सर्किट एका पानावर, कंट्रोल सर्किट दुसऱ्या पानावर, खाली टायटल ब्लॉक, त्यात माझं नाव. सामानाची यादी मी एक्सेलमध्ये हाताने केली आणि सरांना दाखवायच्या आधीच मामांना देऊन टाकली. सीझन तोंडावर होता, मामांनी लगेच सामान आणलं.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री काकांचा फोन आला. त्यांनी आम्हाला मिलमध्येच बोलावलं. पॅनल अर्धं वायरिंग होऊन उघडं होतं. काकांनी माझं ड्रॉइंग समोर धरलं आणि विचारलं, "बेटा, या तीन नंबरच्या कॉन्टॅक्टरले एकवीस-बावीस कोठं हाय? मले त दिसून नाही राहिलं."

मी पाहिलं. खरंच नव्हतं. मी यादीत लिहिलेल्या तिन्ही कॉन्टॅक्टरवर फक्त एकेक एन.ओ. ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट होता, १३-१४. एन.सी. कॉन्टॅक्ट नव्हताच. आणि ड्रॉइंगमध्ये मी स्टार आणि डेल्टाच्या इंटरलॉकसाठी एन.सी. २१-२२ दाखवला होता. एवढंच नाही. मेन कॉन्टॅक्टरचा १३-१४ मी तीन ठिकाणी वापरला होता : होल्डिंगला, 'मोटर चालू'च्या दिव्याला आणि एलिव्हेटरच्या सर्किटला. वस्तू एक आणि वापर तीन.

मामा घाईत होते. ते म्हणाले, "टाइमर आहे ना, मंग इंटरलॉक काहून पायजे? बाहेर ट्रॉल्या उभ्या आहेत, तसंच लावून द्या." मिस्त्री काका शांतपणे म्हणाले, "मालक, टाइमर अटकला त? कॉन्टॅक्टर चिकटला त? स्टार न् डेल्टा एकाच टायमाले बसले त तिन्ही फेज आपसात भिडतात. हात माहे आहेत पॅनलमंधी." आणि त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

ते बरोबर होते. स्टार कॉन्टॅक्टर मोटरच्या वाइंडिंगची तीन टोकं एकमेकांना जोडतो. डेल्टा कॉन्टॅक्टर त्याच तीन टोकांना तीन फेज देतो. दोन्ही एकाच वेळी बसले तर ४१५ व्होल्टच्या तीन फेजचा सरळ शॉर्ट सर्किट होतो, मोटर मध्ये येतच नाही. हे मी परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याला मार्कही मिळाले होते. तरी ड्रॉइंगमध्ये जो कॉन्टॅक्ट अस्तित्वातच नाही त्याच्या भरवशावर मी एका माणसाचे हात ठेवले होते.

ऑक्झिलरी कॉन्टॅक्टचे जोड-ब्लॉक नागपूरहून यायला एक दिवस गेला. मामा मला काही बोलले नाहीत, पण बाहेर रांगेत थांबलेल्या शेतकऱ्यांसमोरून जाताना मला मान वर करवली नाही.

२. मुळात अडचण काय आहे

रिले ही एक वस्तू आहे. डबीत कॉइल आहे आणि त्याच डबीत दोन-चार कॉन्टॅक्ट आहेत. पण ड्रॉइंगमध्ये आपण ती एका जागी काढत नाही. कॉइल तिच्या सर्किटमध्ये जाते आणि प्रत्येक कॉन्टॅक्ट जिथे काम करतो त्या सर्किटमध्ये. म्हणजे कॉइल पान दोनवर, एक कॉन्टॅक्ट पान तीनवर, एक पान सातवर.

आपल्या घरांसारखंच आहे हे. आई-बाबा साकोलीला, एक मुलगा पुण्याला, मुलगी नागपूरला. आडनाव एकच. कुटुंब कळायचं असेल तर आई-बाबांकडे मुलांचे पत्ते पाहिजेत आणि मुलांकडे घरचा पत्ता पाहिजे. ड्रॉइंगमध्ये या पत्त्यांना क्रॉस रेफरन्स म्हणतात. कॉइलखाली लिहिलेलं असतं की माझे कॉन्टॅक्ट कुठल्या पानावर, कुठल्या रकान्यात आहेत. कॉन्टॅक्टशेजारी लिहिलेलं असतं की माझी कॉइल कुठे आहे.

साध्या कॅडमध्ये रेषा ही फक्त रेषा असते. तिला आई-बाप नसतात. मी नेमकं तेच केलं होतं : रेषांचा एक ब्लॉक काढला आणि शेजारी हाताने 'के३' टाइप केलं. इलेक्ट्रिकल सॉफ्टवेअरमध्ये चिन्हाला नातं असतं. कॉइल म्हणजे 'पेरेंट' आणि कॉन्टॅक्ट म्हणजे 'चाइल्ड'. काही सॉफ्टवेअरमध्ये यालाच 'मास्टर' आणि 'स्लेव्ह' म्हणतात. ई-प्लानमध्ये कॉइलच्या खिडकीत 'मेन फंक्शन' ही खूण असते. नावं वेगळी, कल्पना एकच.

३. चिन्ह काय सांगतं

सॉफ्टवेअर उघडण्याआधी चिन्ह वाचता आलं पाहिजे. आपण आयईसी ६०६१७ ची चिन्हं वापरतो. अमेरिकन पद्धतीत कॉन्टॅक्ट दोन समांतर रेघांनी दाखवतात आणि एन.सी. असेल तर त्यावर तिरपी रेघ मारतात. ती पीएलसीच्या लॅडरमध्ये आपण पाहतोच. एकाच ड्रॉइंगमध्ये दोन्ही पद्धती मिसळू नका. आयईसी वाचणाऱ्याला त्या दोन समांतर रेघा कपॅसिटर वाटू शकतात.

उभ्या वायरवर एन.ओ. कॉन्टॅक्ट असेल तर तिरपी पट्टी डावीकडे झुकलेली असते आणि वरच्या टोकाला टेकत नाही. एन.सी. असेल तर पट्टी उजवीकडे जाते आणि वरच्या टोकाच्या छोट्या आडव्या रेघेला टेकते. कॉइल ओढली की पट्टी डावीकडून उजवीकडे सरकते असं समजायचं, म्हणजे घोळ होत नाही. चेंज-ओव्हरमध्ये एक कॉमन आणि दोन टोकं.

इथे आपले बरेच जण फसतात. 'नॉर्मली ओपन' मधलं नॉर्मल म्हणजे मशीन नेहमी ज्या स्थितीत असते ती स्थिती नव्हे. नॉर्मल म्हणजे कॉइलला सप्लाय नाही ती स्थिती. मिल दिवसभर चालू असली तरी ड्रॉइंग बंद पॅनलचंच असतं.

टाइमरच्या कॉन्टॅक्टला छत्रीसारखी अर्धगोल खूण असते. कॉइलच्या चौकोनाला जोडून छोटा चौकोन असतो. त्यात फुली असेल तर ऑन-डिले आणि तो काळा भरलेला असेल तर ऑफ-डिले. टाइमरला साधा कॉन्टॅक्ट काढला तर वाचणाऱ्याला तो लगेच बदलणारा वाटतो, आणि स्टार-डेल्टामध्ये सगळा खेळच त्या काही सेकंदांचा आहे.

४. आकडे उगाच नसतात

कॉन्टॅक्टवरचे आकडे मला आधी फक्त नंबर वाटायचे. त्यांना भाषा आहे. कॉन्टॅक्टरच्या ऑक्झिलरी कॉन्टॅक्टवर दोन आकडी नंबर असतो. पहिला आकडा म्हणजे कितवा कॉन्टॅक्ट. दुसरा म्हणजे त्याचं काम.

शेवटी १-२ : एन.सी.
शेवटी ३-४ : एन.ओ.
शेवटी ५-६ : एन.सी., पण खास कामाचा, उदाहरणार्थ उशिरा उघडणारा
शेवटी ७-८ : एन.ओ., पण खास कामाचा
शेवटी १-२-४ : चेंज-ओव्हर, १ कॉमन
शेवटी ५-६-८ : उशिरा बदलणारा चेंज-ओव्हर, ५ कॉमन

म्हणून १३-१४ म्हणजे पहिला कॉन्टॅक्ट, एन.ओ. आणि २१-२२ म्हणजे दुसरा, एन.सी. टाइमरवर १५-१६-१८ दिसतात ते याच नियमाने. ओव्हरलोड रिलेचा ट्रिप कॉन्टॅक्ट ९५-९६ आणि अलार्मचा ९७-९८. कॉन्टॅक्टरची कॉइल ए१-ए२. पॉवरचे मुख्य कॉन्टॅक्ट मात्र एक आकडी : १-२, ३-४, ५-६.

हे पाठ झालं की ड्रॉइंग तपासायला फार वेळ लागत नाही. कुणी एन.सी.च्या चिन्हाशेजारी २३-२४ लिहिलं असेल तर डोळ्याला लगेच खटकतं.

५. सॉफ्टवेअरमध्ये कसं करायचं

आपल्या लॅबमध्ये ऑटोकॅड इलेक्ट्रिकल आहे, म्हणून आधी ते सांगते.

यात चिन्हाच्या फाइलचं नावच बोलतं. पहिलं अक्षर एच किंवा व्ही, म्हणजे वायर आडवी की उभी. पुढची दोन अक्षरं वस्तूची जात सांगतात : सी-आर म्हणजे कंट्रोल रिले, पी-बी म्हणजे पुश बटन, एल-टी म्हणजे दिवा. चौथ्या जागी १ असेल तर पेरेंट, २ असेल तर चाइल्ड. पाचव्या जागी कॉन्टॅक्टसाठी १ म्हणजे एन.ओ. आणि २ म्हणजे एन.सी. म्हणून 'एच-सी-आर-१' ही आडव्या वायरवरची कॉइल, 'एच-सी-आर-२-१' हा तिचा एन.ओ. आणि 'एच-सी-आर-२-२' हा एन.सी. नवीन चिन्ह केलं आणि नाव मनाला येईल ते दिलं, तर सॉफ्टवेअरला त्याची जात कळत नाही.

नवीन चिन्हासाठी सिम्बॉल बिल्डर वापरायचा. क्रम असा :

(अ) रेषा काढा. आकार लायब्ररीतल्या चिन्हाएवढाच ठेवा, नाहीतर वायर सरळ बसत नाही.

(आ) नावाचं ॲट्रिब्यूट द्या. कॉइलला 'टॅग१' आणि कॉन्टॅक्टला 'टॅग२'. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. कॉन्टॅक्टला चुकून टॅग१ दिला की सॉफ्टवेअर त्याला स्वतंत्र रिले समजतं आणि नवीन नंबर देऊन मोकळं होतं. मग 'माझा के३ चा कॉन्टॅक्ट के७ कसा झाला?' म्हणून आपण डोकं धरतो.

(इ) वायर जोडायच्या जागा द्या. त्यांच्या ॲट्रिब्यूटच्या नावात एक आकडा असतो आणि तो वायर कोणत्या बाजूने येते ते सांगतो : १ उजवीकडून, २ वरून, ४ डावीकडून, ८ खालून. उभ्या कॉन्टॅक्टला वरचं टोक २ चं आणि खालचं ८ चं.

(ई) टोकांच्या नंबरची जागा रिकामी ठेवा. कॉन्टॅक्टच्या चिन्हातच १३-१४ कायमचं लिहून ठेवू नका. कॉन्टॅक्ट कितवा आहे हे चिन्हाने ठरवायचं नसतं, ते खऱ्या वस्तूवरून ठरतं.

(उ) कॉइलला 'पिनलिस्ट' द्या. या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. पिनलिस्टमध्ये त्या वस्तूवर कोणकोणते कॉन्टॅक्ट आहेत ते लिहितात. प्रत्येक कॉन्टॅक्टचा आधी प्रकार (१ म्हणजे एन.ओ., २ म्हणजे एन.सी.), मग दोन टोकं, आणि कॉन्टॅक्टच्या मध्ये अर्धविराम. उदाहरणार्थ : १,१३,१४;२,२१,२२. म्हणजे या कॉन्टॅक्टरवर एक एन.ओ. आणि एक एन.सी. आहे, बाकी काही नाही.

आता सर्किटमध्ये कॉन्टॅक्ट टाकताना खिडकीतून त्याचा पेरेंट निवडा. सॉफ्टवेअर पिनलिस्टमधून उरलेले नंबर देतं. सगळे संपल्यावर आणखी एक मागितला तर इशारा देतं. माझ्याकडे ही यादी असती तर 'मोटर चालू'चा दिवा लावतानाच मला थांबवलं गेलं असतं. तो इशारा म्हणजे संगणकाची कटकट नाही. त्याच कामासाठी मिस्त्री काकांना स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवावा लागला होता.

ज्यांच्या लॅपटॉपवर हे सॉफ्टवेअर चालत नाही त्यांच्यासाठी क्यूइलेक्ट्रोटेक आहे. ते फुकट आणि मुक्त आहे, हलकं आहे, हॉस्टेलच्या जुन्या मशीनवरही चालतं. त्यात एलिमेंट एडिटरमध्ये चिन्ह काढून टर्मिनल लावायचे. मग गुणधर्मात कॉइलला 'मास्टर' आणि प्रकार 'कॉइल' द्यायचा. कॉन्टॅक्टला 'स्लेव्ह' द्यायचा आणि तो एन.ओ., एन.सी. की चेंज-ओव्हर, साधा, पॉवरचा की डिलेचा, तेही निवडायचं. पानावर ठेवल्यावर स्लेव्हवर डबल क्लिक करून त्याचा मास्टर जोडायचा. जोडला की दोन्हीकडे पत्ते आपोआप येतात. जोडला नाही, तर नाव हाताने टाइप केल्याने नातं तयार होत नाही. आणि वस्तूवर कॉन्टॅक्ट किती आहेत ते मोजायचं काम आपलंच आहे असं समजूनच चाला.

६. चार खड्डे

पहिला खड्डा : १३-१४ नेहमीच कॉन्टॅक्ट नसतो. बेसमध्ये बसणारा चौदा पिनांचा छोटा रिले आपण लॅबमध्ये वापरतो. त्यात १ ते ४ एन.सी., ५ ते ८ एन.ओ., ९ ते १२ कॉमन, आणि १३-१४ ही चक्क कॉइल! कॉन्टॅक्टरच्या सवयीने चिन्हात १३-१४ छापलेलं असेल आणि वायरमनने तसंच जोडलं, तर दिव्याच्या सर्किटमध्ये कॉन्टॅक्टऐवजी कॉइल सिरीजमध्ये बसते. मग आपण अर्धा दिवस दिवा बदलत बसतो. आठ पिनांच्या गोल रिलेचं तर आणखी वेगळं : कॉइल २-७ आणि कॉमन १ आणि ८. म्हणून प्रत्येक रिलेची पिनलिस्ट त्याच्या स्वतःच्या कॅटलॉगवरून.

दुसरा खड्डा : जोड-ब्लॉक. नागपूरहून आलेल्या ब्लॉकवर दोन एन.ओ. आणि दोन एन.सी. होते, पण नंबर होते ५३-५४, ६१-६२, ७१-७२, ८३-८४. म्हणजे माझ्या ड्रॉइंगमधला २१-२२ तेव्हाही कुठेच नव्हता. काम झालं, पण ड्रॉइंग पुन्हा खोटं ठरलं असतं. मी तिथेच बसून पेनाने ६१-६२ केलं आणि रात्री फाइल दुरुस्त केली. सामान बदललं की पिनलिस्ट बदलायची आणि नवीन प्रिंट काढायची. 'नंतर करू' म्हटलं की ते राहतंच.

तिसरा खड्डा : चेंज-ओव्हर. एकाच चेंज-ओव्हरचा एन.ओ. एका सर्किटमध्ये आणि एन.सी. दुसऱ्या सर्किटमध्ये वापरला, तर दोघांचा कॉमन एकच आहे हे विसरू नका. एक सर्किट २३० व्होल्टचं आणि दुसरं २४ व्होल्ट डीसीचं असेल तर असं करताच येत नाही. ड्रॉइंगवर ते दोन वेगळे कॉन्टॅक्ट दिसतात, म्हणून चूक दिसत नाही.

चौथा खड्डा : नावाचं अक्षर. जुन्या ड्रॉइंगमध्ये रिले आणि कॉन्टॅक्टर दोघांनाही 'के' लावलेलं असतं. आयईसी ८१३४६ नुसार मोटरची पॉवर जोडणारा कॉन्टॅक्टर 'क्यू' मध्ये जातो आणि रिले 'के' मध्ये राहतो. दोन्ही पद्धती भेटतात. एक ठरवा आणि शेवटच्या पानापर्यंत तीच ठेवा.

७. कागद आणि वायर

कुणी म्हणेल, एका राइस मिलसाठी एवढं कशाला? मलाही आधी तसंच वाटायचं. मग एक गोष्ट वाचनात आली.

२ जून २०२३ रोजी ओडिशातल्या बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजार स्टेशनवर कोरोमंडल एक्स्प्रेस लूप लाइनवर जाऊन उभ्या मालगाडीला धडकली. २९० पेक्षा जास्त माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत आणि नंतर संसदेत दिलेल्या उत्तरात कारण सांगितलं गेलं ते सिग्नल सर्किटमध्ये बदल करताना झालेल्या चुकांचं. लोकेशन बॉक्समधल्या वायरींची नावं चुकीची होती आणि ती चूक आधीपासून तशीच राहिली होती. पुढे लेव्हल क्रॉसिंगच्या गेटचं काम करताना तिथे जोडणी झाली, आणि पॉइंट लूप लाइनकडे असताना सिग्नल मात्र मेन लाइनचा मिळाला.

हे कारण वाचलं तेव्हा मला मिस्त्री काकांचा स्क्रू ड्रायव्हर आठवला. रेल्वे सिग्नलमध्येसुद्धा रिलेच असतात. त्यांच्या भाषेत एन.ओ. ला फ्रंट कॉन्टॅक्ट आणि एन.सी. ला बॅक कॉन्टॅक्ट म्हणतात. तिथेही कॉइल एका पानावर आणि कॉन्टॅक्ट दुसऱ्या पानावर. आपल्या वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून आपण सुट्टीत घरी जातो, तेव्हा आपला जीव कुणीतरी कागदावर लिहिलेल्या अशाच आकड्यांवर असतो. पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाला ३३ दरवाजे आहेत. चिखल्याला मँगनीजची भूमिगत खाण आहे. जिथे मोठं यंत्र आहे आणि त्याच्याजवळ माणूस आहे, तिथे इंटरलॉक लागतोच. तो पीएलसीमध्ये लिहिला तरी शेवटी कुठेतरी एक खरा कॉन्टॅक्ट उघडावा लागतो.

८. सबमिशनच्या आधी एवढं बघा

– प्रत्येक कॉन्टॅक्टला पेरेंट जोडला आहे का? हाताने टाइप केलेलं नाव चालणार नाही.
– प्रत्येक कॉइलखाली तक्ता आहे का, आणि त्यात एकच नंबर दोनदा आला आहे का?
– तक्त्यातले कॉन्टॅक्ट आणि यादीतल्या वस्तूवरचे कॉन्टॅक्ट जुळतात का? कॅटलॉग उघडून बघा.
– चिन्ह आणि शेवटचा आकडा जुळतो का? (१-२ एन.सी., ३-४ एन.ओ.)
– टाइमरच्या कॉन्टॅक्टला डिलेची खूण आहे का?
– इंटरलॉक दोन्ही बाजूंनी आहे का? स्टारच्या कॉइलमध्ये डेल्टाचा एन.सी. आणि डेल्टाच्या कॉइलमध्ये स्टारचा. जमेल तिथे मेकॅनिकल इंटरलॉकही घ्या.
– सामानाची यादी सॉफ्टवेअरमधून काढली आहे का? माझ्यासारखी एक्सेलमध्ये हाताने नको.
– आणि सरांना दाखवलं आहे का? आधी, नंतर नाही.

शेवटी थोडंसं. पॅनल चालू झालं त्या दिवशी आम्ही दोघी मिलमध्ये होतो. काकांनी पहिल्यांदा पॉवरचे फ्यूज काढून फक्त कंट्रोल सप्लाय दिला. स्टार बसला, काही सेकंदांनी सुटला, मग डेल्टा बसला. ते पुन्हा पुन्हा केलं. मग स्टारची पट्टी हाताने दाबून धरली आणि मला म्हणाले, "आता बघ, डेल्टा येते का." टाइमर बदलला तरी डेल्टा आला नाही. ६१-६२ उघडा होता. तेव्हा कुठे त्यांनी फ्यूज लावले.

माझं दुरुस्त ड्रॉइंग त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात घालून पॅनलच्या दाराला आतून चिकटवलं आहे. त्याआधी त्यांनी ते पूर्ण वाचलं, बोट ठेवून, एकेक नंबर. माझ्या कुठल्याही असाइनमेंटकडे आजवर कुणी एवढ्या लक्षाने पाहिलेलं नाही. काका दहावीपर्यंतसुद्धा शिकलेले नाहीत, पण ड्रॉइंग कुणासाठी काढायचं असतं ते मला त्यांनी शिकवलं.

मित्रांनो, कुणाला पिनलिस्ट जमत नसेल तर गर्ल्स हॉस्टेलच्या खाली वाचन खोलीत जेवणानंतर मी असते. लॅपटॉप आणि रिलेचा कॅटलॉग, दोन्ही घेऊन या.